मॅचचे फोटो मोबाइलवर: पाय धूसर, पोरगं ठिपक्याएवढं, बॉल कायम चौकटीबाहेर

पेठेतली_आई

नमस्कार मंडळी. मुलगा बारा वर्षांखालच्या संघात फुटबॉल खेळतो, मुलगी शाळेच्या खो-खो संघात आहे. सामने कधी कोल्हापुरातल्या शाहू स्टेडियमवर, कधी मेरी वेदरवर, आणि सरावाच्या मॅचेस संध्याकाळी लाइटखाली टर्फवर. फोन दोन आहेत. माझा रेडमी नोट, मागचा मोठा कॅमेरा ५० मेगापिक्सेल, टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स) नाही. मिस्टरांचा आयफोन १३, साधा, प्रो नव्हे.

अडचणी अशा:
१) धड स्पष्ट येतं, पण पाय आणि हात पुसल्यासारखे.
२) झूम केला की चेहरा मेणाचा दिसतो, नाही केला तर पोरगं ओळखू येत नाही.
३) बटण दाबते तेव्हा बॉल असतो, फोटोत नसतो.
४) टर्फवर फोटोत आडव्या काळसर पट्ट्या येतात.

डीएसएलआर घ्या असं कृपया कुणी सांगू नका. हातात आहे त्यातच काय जमेल ते सांगा.

---

रंकाळा_कट्टा

ताई, आधी निदान करू. तुमचा एखादा पुसलेला फोटो गॅलरीत उघडा, वर सरकवा किंवा माहितीच्या खुणेवर दाबा. तिथे १/१२० से., आयएसओ ५० असं काहीतरी लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा शटरचा वेग, म्हणजे फोटो घ्यायला लागलेला वेळ; दुसरा आयएसओ, म्हणजे कॅमेरा मिळालेला उजेड किती वाढवून घेतो ते. सगळं गणित तिथंच आहे.

दहा-बारा वर्षांचं पोर जोरात पळतं तेव्हा सेकंदाला साधारण ५ मीटर जातं. १/१०० सेकंदात ते ५ सेंटिमीटर पुढे सरकतं आणि ते ५ सेंटिमीटर फोटोत पुसट दिसतात. १/१००० ला फक्त ५ मिलिमीटर, म्हणजे डोळ्याला कळणारही नाही. बॉलला लाथ मारणारा पाय धडाच्या दुप्पट-तिप्पट वेगात असतो, म्हणून धड स्पष्ट आणि पाय गायब. कॅमेरा बिघडलेला नाही.

मग फोन स्वतःहून वेगवान शटर का घेत नाही? त्याला वाटतं तुम्ही घरात वाढदिवसाचा फोटो काढताय. उजेड थोडा कमी झाला की तो आयएसओ वाढवायच्या आधी शटर हळू करतो, कारण त्यात फोटो गुळगुळीत येतो. खेळाला नेमकं उलट हवं. फोटोत थोडे कण आले तरी चालतील, पोर थांबलेलं दिसलं पाहिजे.

रेडमीत प्रो मोड आहे. त्यात एस म्हणजे शटर, ते १/१००० वर ठेवा आणि आयएसओ ऑटोवर सोडा. फोटो काळा येत असेल तर १/८००, मग १/५०० पर्यंत उतरा. १/५०० च्या खाली फुटबॉलला मजा नाही. मुख्य लेन्सच्या अंदाजासाठी आकडे: कडक उन्हात आयएसओ ५० ला फोन आपणहून १/२००० च्या पुढे जातो, तिथे काहीच करायला नको, ऑटोच ठेवा. ढगाळ दुपारी आयएसओ १०० ला १/१००० मिळतो. सूर्य मावळतीला टेकला की त्याच वेगाला आयएसओ ४०० ते ८०० लागतो. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे साडेचारला सुरू झालेल्या मॅचचा दुसरा हाफ बहुतेक या शेवटच्या प्रकारात पडतो. हाफटाइमला सेटिंग बघायची सवय लावा.

एक अडचण सांगून ठेवतो. बऱ्याच फोनवर प्रो मोडमध्ये बर्स्ट (बटण धरून लागोपाठ फोटो) चालत नाही, एकेक फोटो दाबावा लागतो. म्हणून उन्हात ऑटो आणि बर्स्ट, उजेड उतरला की प्रो आणि एकेक, अशी वाटणी करा.

आणि हे बंद: नाइट मोड, पोर्ट्रेट, ब्यूटी, ५० मेगापिक्सेलचा वेगळा मोड. नाइट मोड आठ-दहा फ्रेम जोडून एक फोटो करतो, त्यात पळणाऱ्याला तीन पाय फुटतात. पोर्ट्रेट मोड बॉललाच पार्श्वभूमी समजून धूसर करून टाकतो. ५० मेगापिक्सेलवर एक फोटो सेव्ह व्हायला इतका वेळ लागतो की पुढची चाल निघून जाते. एचडीआरही (कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक करणारी सोय) सावलीतल्या मॅचला बंदच बरा, हातांना दुहेरी कडा येतात.

---

गोलपोस्टमागे

वरचं सगळं बरोबर, पण मी म्हणेन सेटिंगच्या आधी जागा. प्रेक्षकांच्या गॅलरीत बसून मैदानावरचे फोटो काढायचे म्हणजे निम्मा खेळ तिथंच हरला.

हिशोब बघा. मोबाइलची मुख्य लेन्स २४-२६ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे रुंद दृश्य घेणारी असते. फोन आडवा धरून २० मीटरवरच्या पोराचा फोटो काढला तर चौकटीत सुमारे २८ मीटर रुंदीचं मैदान येतं. १.४ मीटर उंचीचं पोर चौकटीच्या उंचीच्या जेमतेम सहा-सात टक्के. तेच पोर ८ मीटरवर असेल तर सोळा टक्के, आणि त्यावर २एक्स झूम केला की तिसरा हिस्सा. चेहरा, जर्सीचा नंबर, बॉल, सगळं ओळखू येतं. म्हणजे झूमने जे मिळत नाही ते पायाने मिळतं.

रेडमीवर २एक्सला भिऊ नका. ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरचा मधला चौथा भाग घेतला तरी साडेबारा मेगापिक्सेल उरतात, उन्हात फारसा फरक पडत नाही. संध्याकाळी मात्र कण दिसतील, कारण चार-चार पिक्सेल जोडून मिळणारा उजेडाचा फायदा जातो. २एक्सच्या पुढे गेलात की फोन नुसतं चित्र ताणतो आणि मग ताणलेलं झाकायला त्वचा घासून काढतो. तुमचा मेणाचा चेहरा तो हाच. आयफोन १३ चा कॅमेरा मुळात १२ मेगापिक्सेलचा, त्यावर १एक्सच ठेवा आणि नंतर कापा. अर्ध्या लांबी-रुंदीचा तुकडा घेतला तरी २०१६ बाय १५१२ पिक्सेल उरतात, चार बाय सहाच्या प्रिंटला पुरेसे.

आता उभं कुठं राहायचं. आपला संघ ज्या गोलवर चढाई करतोय त्या गोलरेषेच्या मागे, गोलपोस्ट आणि कॉर्नरचा झेंडा यांच्या मधोमध, रेषेपासून दोन-तीन मीटर मागे. इथून तीन गोष्टी साधतात. आपली पोरं चेहरा दाखवत तुमच्याकडे येतात. समोरून येणारं पोर चौकटीत आडवं सरकत नाही, त्यामुळे त्याच शटरला ते बाजूने पळणाऱ्यापेक्षा जास्त स्पष्ट येतं. आणि गोल झाल्यावर उड्या मारत ती बहुतेक याच कोपऱ्याकडे धावतात. हाफटाइमला बाजू बदलली की तुम्हीही बदला. गोलच्या अगदी मागे बसू नका. जाळी मधे येते, आणि बॉल नाकावर बसला की फोटोग्राफी संपली.

आत जायच्या आधी प्रशिक्षकांना किंवा संयोजकांना विचारा. रेफ्रीने हात केला तर मुकाट्याने मागे सरका, वाद घालू नका. फ्लॅश बंदच हवा. दोन-तीन मीटरच्या पुढे त्याचा काही उपयोग नाही, आणि गोलकीपरच्या डोळ्यावर चमकला तर ओरडा बसणारच.

मग खाली बसा. गुडघा टेकून फोन पोराच्या छातीच्या उंचीला आणा. उभ्या माणसाने काढलेल्या फोटोत पोर गवतात रुतल्यासारखं दिसतं आणि मागे नुसती माती. खाली बसलं की ते मैदानावर उभं राहतं, मागे दुसरे खेळाडू आणि गॅलरी येते. फक्त मागे पार्क केलेल्या मोटारसायकलींची रांग येत नाही ना तेवढं बघा. डोक्यातून विजेचा खांब उगवलेले फोटो आपल्याकडे पोत्यानं निघतात.

ऊन पाठीशी घ्या. सकाळची मॅच असेल तर पूर्वेच्या बाजूला बसा, संध्याकाळची असेल तर पश्चिमेच्या. दुपारी बाराचं ऊन कुठूनही वाईटच. कपाळाखाली डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात आणि पांढरी जर्सी नुसती पांढरीफटक होते. तेव्हा स्क्रीनवर बोट ठेवून सूर्याची खूण थोडी खाली ओढा, −०.३ ते −०.७. गेलेला पांढरा परत आणता येत नाही, काळवंडलेला चेहरा एडिटमध्ये उजळता येतो.

---

पन्हाळा_रोड

ऊन पाठीशी हा नियम मला संध्याकाळी पटत नाही. मातीच्या मैदानावर पाच-साडेपाचला सूर्य पोरांच्या मागे ठेवून बघा. उडालेली धूळ पेटते, केसांना कड येते. चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड +०.७ करायचा, आकाश पांढरं झालं तर होऊ दे. सगळेच फोटो असे नकोत, पण दोन-चार तरी हवेत.

बॉल निघून जातो त्याचं म्हणाल तर कारणं दोन. एक, अँड्रॉइडवर बरेचदा बोट उचलल्यावर फोटो निघतो, टेकवल्यावर नाही. दुसरं, बटण दाबल्यावर फोन फोकस शोधत बसतो. फोकस आधीच बांधून टाका. ज्या जागी चाल येणार आहे, समजा पेनल्टीची खूण, तिथे बोट दाबून धरा, कुलपाची खूण येईपर्यंत. आता फोन शोधाशोध करणार नाही. लेन्स लहान असल्यामुळे आठ मीटरवर बांधलेला फोकस पाच मीटरपासून पार मागेपर्यंत चालून जातो. उजेडही त्याबरोबर बांधला जातो हे लक्षात ठेवा, ऊन-सावली बदलली की कुलूप काढून परत लावा.

बर्स्ट: रेडमीवर शटर दाबून धरा. काही व्हर्जनमध्ये दाबून धरलं की व्हिडिओ सुरू होतो, तसं असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये शटर दाबून धरण्याचं काम बर्स्टला द्या. आयफोन १३ वर शटरचं बटण डावीकडे ओढून धरायचं. मला त्यापेक्षा बरं वाटतं ते म्हणजे सेटिंग्ज, कॅमेरा, आणि आवाज वाढवायच्या बटणावर बर्स्ट. सेकंदाला दहा फोटो मिळतात आणि बटण हाताला लागत असल्यामुळे डोळा खेळावर राहतो.

पण बर्स्ट चालूच ठेवू नका. एक सेकंद, फार तर दीड, मग सोडा. बॉल पायाला लागायच्या आधी सुरू, लागल्यावर बंद. सरसकट दाबून धरलं की फोनची तात्पुरती मेमरी भरते आणि नेमक्या गोलला तो चाक फिरवत बसतो. शिवाय घरी येऊन सहाशे फोटो बघणार कोण?

माझा कल मात्र व्हिडिओकडे. फोर-केमध्ये ६० फ्रेमने घ्या आणि हवी ती फ्रेम काढा. एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे ८ मेगापिक्सेलच्या वर. गोल हुकायचा प्रश्नच नाही.

---

रंकाळा_कट्टा

@पन्हाळा_रोड, व्हिडिओचं अर्धंच खरं. कडक उन्हात ठीक. सावलीत फोन व्हिडिओलाही १/६०, १/१२० असं हळू शटर लावतो, मग साठच्या साठ फ्रेम पुसट. त्यातून निवडणार काय? शिवाय आयफोनवर फोर-के ६० चा एक मिनिट सुमारे ४०० एमबी खातो. वीस मिनिटांचा एक हाफ म्हणजे ८ जीबी, आणि मे महिन्यात फोन तापून स्क्रीन मंद होते ती वेगळीच.

व्हिडिओतूनच काढायचे असतील तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप घ्या. आयफोनवर चालतं, अँड्रॉइडवर निवडक फोनवर. त्यात व्हिडिओचं शटर १/५०० किंवा १/१००० वर बांधता येतं. व्हिडिओ बघायला थोडा खडखडीत दिसतो, पण फ्रेम धारदार मिळते. पेनल्टी, फ्री किक, कॉर्नर एवढ्यापुरतंच चालू करा, अख्खी मॅच नको.

---

पन्हाळा_रोड

मान्य. सावलीचं सोडून बोललो मी.

---

लाल_माती

खो-खोचं कुणी बोललंच नाही. फोटोसाठी खो-खोसारखा सोपा खेळ नाही, कारण खांब हलत नाहीत.

मैदान २७ बाय १६ मीटर, दोन टोकांना सव्वा मीटरच्या आसपास उंचीचे दोन खांब. पाठलाग करणाऱ्याला खांबाला वळसा घालताना वेग कमी करावाच लागतो, आणि खांबावर झेप घेऊन गडी बाद करतानाचा क्षण हा खो-खोचा सगळ्यात देखणा फोटो. खांबाच्या मागे, मधल्या पाटीच्या (दोन खांबांमधला, गडी बसतात तो पट्टा) रेषेपासून थोडं बाजूला, पाच-सहा मीटरवर बसा. फोकस खांबावर बांधा. खांब चौकटीच्या एका बाजूला ठेवा, म्हणजे येणाऱ्याला मोकळी जागा राहते. मग नुसतं थांबायचं. पाठलाग करणारी शेवटच्या चौकोनाच्या पुढे आली की बर्स्ट. तुमची मुलगी संरक्षणात असेल तर तिच्याकडे बघा, पाठलाग करणारीकडे नको. हुलकावणी देताना ती एका पायावर क्षणभर थबकते, तो क्षण घ्या.

"खो" देतानाचाही फोटो छान येतो. हात पाठीला टेकलेला, बसलेली उसळायच्या तयारीत. त्याला बाजूने बसावं लागतं, आणि रांगेतल्या पोरी एकमेकींना झाकतात. म्हणून मधल्या पाटीपासून दूर, कडेच्या रेषेबाहेरून काढा.

कबड्डीत चढाई करणाऱ्याच्या समोर बसा, म्हणजे बचाव करणाऱ्या संघाच्या मागे, शेवटच्या रेषेबाहेर. बोनस रेषेवर पाय ताणला की दाबायचं. पकड झाल्यावर दाबलं तर पाठींचा ढीग येतो, आपलं पोर त्यात कुठंय ते त्यालाही सांगता येत नाही.

कुस्ती असेल तर खाली बसण्याचा नियम उलटा करा. खासबागेच्या कुस्ती मैदानात पायऱ्या हौद्याभोवती (मधला मातीचा आखाडा) वर वर जातात. चार-पाच पायऱ्या वरून काढलं की मागे नुसती लाल माती येते, पंचांचे पाय आणि समोरची गर्दी येत नाही. पण फोन त्या लाल रंगाला फसतो आणि तो मारायला अख्खा फोटो निळसर-हिरवट करतो, अंगाचा रंग पार जातो. प्रो मोडमध्ये डब्ल्यूबी (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून उन्हाच्या खुणेवर, नाहीतर ५२०० ते ५५०० वर बांधा. मातीच्या कुठल्याही मैदानाला हेच लागू. सलामीचा फोटो विसरू नका, दोघेही स्थिर असतात, कसाही काढला तरी स्पष्ट येतो.

---

पेठेतली_आई

खूप खूप आभार. गॅलरीत बघितलं, संध्याकाळचे सगळे १/८० आणि १/१०० निघाले. खांबाची युक्ती लेकीला सांगितली तर ती म्हणाली, आता मला खांबावरच गडी मारावा लागणार.

टर्फच्या पट्ट्यांचं राहिलं. आणि भोवती नायलॉनची जाळी आहे, फोन जाळीवरच फोकस करतो. आयफोनला प्रो मोडच सापडत नाही.

---

फेज_न्यूट्रल

पट्ट्यांचं मूळ विजेत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो आणि मंद होतो. मोबाइलचा सेन्सर अख्खा फोटो एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. शटर १/१०० पेक्षा वेगवान झालं की काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. त्याच तुमच्या आडव्या पट्ट्या. फोन उभा धरलात तर पट्ट्याही उभ्या होतील, जाणार नाहीत.

पट्टी पूर्ण घालवायची तर शटर १/१०० किंवा १/५० हवं, दिव्याच्या ठोक्याला जुळणारं. रेडमीच्या कॅमेरा सेटिंगमध्ये अँटीबँडिंग दिसलं तर ते ५० हर्ट्झवर ठेवा, ६० असेल तर व्हिडिओसुद्धा लुकलुकतो. पण १/१०० ला पळणारं पोर पुसट येणार हे वर आलंच आहे. दोन्ही एकदम मिळत नाही, म्हणून फोटो निवडून काढायचे.

उडी मारलेला खेळाडू सगळ्यात वर असतो तेव्हा क्षणभर थांबलेलाच असतो. त्या टोकाच्या आधी-नंतर ०.०५ सेकंदात तो सव्वा सेंटिमीटरच हलतो, आणि त्या वेळी १/१०० ला पुसटपणा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसतो. पळताना तोच ५ सेंटिमीटर होता. म्हणजे हेडर, गोलकीपरची झेप, थ्रो-इनला डोक्यामागे गेलेले हात, किक मारायच्या आधी मागे ताणलेला पाय, हे सगळं १/१०० ला बऱ्यापैकी निघतं. टर्फवर फक्त एवढेच घ्या आणि सरळ रेषेत पळणारे सोडून द्या. १/२५० वर थोडी पट्टी चालवून घेणं हाही मार्ग आहे. चेहऱ्यावर पट्टी नसलेला फोटो बर्स्टमधून निवडायचा, फोटो काळा-पांढरा केला की उरलेली पट्टी कमी खुपते.

टर्फच्या सगळ्या भागात उजेड सारखा नसतो. दोन खांबांच्या मधे आणि कोपऱ्यात अंधार, खांबासमोर पाच-सात मीटरवर उजेड. मॅच सुरू व्हायच्या आधी ऑटोवर दोन-तीन जागी फोटो काढून आयएसओ बघा. जिथे तो सर्वात कमी, तिथेच फोकस बांधून थांबा. अल्ट्रावाइड (सगळ्यात रुंद दृश्य घेणारी) लेन्स रात्री वापरू नका, तिच्यात उजेड कमी शिरतो.

जाळी: फोन जाळीपासून हातभर लांब धरला की जाळी फोटोत येते. लेन्स सरळ छिद्राला चिकटवा. टर्फच्या नायलॉन जाळीचं छिद्र लेन्सपेक्षा बरंच मोठं असतं, जाळी दिसेनाशी होते आणि फोकस आपोआप मैदानावर जातो. दोन-तीन लेन्स असतील तर कुठली मुख्य ते बोटाने झाकून तपासा. झाकल्यावर स्क्रीन काळी होते ती, मग तीच छिद्रात बसवा.

आयफोन १३ च्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर हाताने बदलता येत नाही. हॅलाइडसारखं अॅप घ्यावं लागतं, पैसे पडतात. फुकटात चालवायचं तर वर सांगितलेलं व्हिडिओचं अॅप. नाहीतर सरळ वाटणी करा, दिवसा आयफोनवर बर्स्ट, संध्याकाळी रेडमीवर प्रो मोड. आयफोनचा लाइव्ह फोटो (फोटोबरोबर छोटा व्हिडिओ ठेवणारी सोय) चालू असेल तर दाबायच्या दीड सेकंद आधीचंही त्यात असतं. बॉल निघून गेला असेल तर एडिटमध्ये जाऊन मागची फ्रेम मुख्य करता येते. ती मूळ फोटोपेक्षा कमी धारदार असते, पण बॉल तरी असतो.

---

गोलपोस्टमागे

दोन फुटकळ गोष्टी, पण निम्मे फोटो यांनीच जातात.

लेन्स पुसा. खिशातला घाम, मिसळीचा कट लागलेलं बोट, मैदानातली धूळ. तेलकट लेन्सवर दिव्याभोवती झाक येते आणि लोक म्हणतात कॅमेरा जुना झाला. आधी फुंकर मारून माती घालवा, मग धुतलेल्या सुती कापडाने पुसा. मातीसकट घासलं की काच ओरखडते.

पावसाळा. शालेय स्पर्धा नेमक्या त्यातच असतात. ओल्या स्क्रीनला बोट कळत नाही, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढायची सवय आधीच करा. फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा तर लेन्सपुढचं प्लास्टिक कापून टाका, त्यातून काढलं की सगळं धुकं. ढगाळ पावसात उजेड फार कमी असतो, १/५०० वरच समाधान माना. पण चिखलात घसरलेल्या पोरांचे फोटो वर्षभरात सगळ्यात भारी निघतात, त्या दिवशी छत्री घेऊन जाच.

क्लिप लावून बसवायच्या त्या आठ-बारा एक्सच्या लेन्स घेऊ नका. मधोमध थोडं स्पष्ट, कडा विरघळलेल्या, आणि हात एवढा हलतो की पोर चौकटीत सापडत नाही.

---

लाल_माती

फोटो पाठवण्याचं सांगतो, कारण एवढं करून ग्रुपवर टाकलं की चुरा होतो. व्हॉट्सअॅप साध्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास आणतं. आधी कापून घ्या आणि मग पाठवा, म्हणजे ते १६०० पिक्सेल पोरावर खर्च होतील, मैदानावर नाही. एचडी निवडलं की बरंच सुधारतं. प्रिंटसाठी द्यायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो.

पण डॉक्युमेंटमध्ये फोटो कुठे काढला ती जागाही जाते, साध्या फोटोतून ती पुसली जाते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला लोकेशनचा पर्याय मॅचच्या दिवसापुरता नव्हे, कायमचाच बंद करा. दुसऱ्यांची मुलं असलेले फोटो संघाच्या ग्रुपपुरतेच ठेवा. बाहेर, फेसबुक-इन्स्टावर टाकायचे तर त्या आई-बापांना विचारून. जर्सीवर शाळेचं नाव आणि पाठीवर पोराचं नाव असतं, त्यात सामन्याची जागा आणि वेळ लिहिली की अनोळखी माणसाला सगळाच पत्ता मिळतो.

---

पेठेतली_आई

रविवारी सकाळी साडेआठची मॅच आहे, मैदान मातीचं. म्हणजे पूर्वेच्या बाजूला, गोलरेषेमागे, गुडघ्यावर. रेडमी ऑटोवर, २एक्स, फोकस पेनल्टीच्या खुणेवर बांधून. बरोबर ना?

---

रंकाळा_कट्टा

बरोबर. फक्त पहिल्या पाच मिनिटांत तीन-चार फोटो काढून शटरचा आकडा बघा. १/८०० च्या खाली दिसला तर लगेच प्रोवर जा. आणि निघायच्या आधी फोनमध्ये ५ जीबी मोकळे करा, मैदानावर उभं राहून गुड मॉर्निंगचे फोटो पुसत बसायला लागू नये.